घाटात तापणारी मोटरहोम : कूलिंग यंत्रणेची दुरुस्ती स्वतः करावी का?

म्हापसेकर_भ्रमंती

नमस्कार. डिझेल मिनीबसच्या चॅसीवर बांधून घेतलेली आमची मोटरहोम (राहण्याची सोय असलेली गाडी) सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालते. मात्र केरी ओलांडून चोर्ला घाट चढू लागलो, की एसी चालू असताना तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकतो आणि एसी बंद केल्यावर काही वेळाने खाली येतो. कुलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतील पातळीही हळूहळू उतरते, परंतु गाडीखाली ओल दिसत नाही. एका गॅरेजने इंजिनावरचे झाकणही न उघडता रेडिएटर आणि वॉटर पंप बदलण्यास सांगितले असून थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलंटचा मार्ग उघडणारी झडप) काढून टाकण्याचाही सल्ला दिला आहे. माझ्याकडे पाने, जॅक व बऱ्यापैकी हत्यारे आहेत आणि तेल, बेल्ट, ब्रेक पॅड ही कामे मी घरीच करतो. पावसाळ्यापूर्वी बेळगावमार्गे बदामीला जाण्याचा विचार आहे. हे काम स्वतः हाती घ्यावे का, आणि घेतल्यास कोठे थांबावे?

फोंडा_डिझेल

दुरुस्ती कोणी करावी हा प्रश्न नंतरचा आहे. बिघाड नेमका कोठे आहे हे मात्र आपणच शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी हत्यारे थोडी लागतात, इंजिन पूर्ण थंड असेल तर धोकाही फारसा नसतो, आणि एकदा कारण कळले की गॅरेजशी बोलताना कोणी आपल्याला अंदाजावर सुटे भाग विकू शकत नाही.

सुरुवात रेडिएटरच्या कॅपपासून करावी, कारण सर्वांत स्वस्त भाग हाच आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही हाच. साधे पाणी १०० अंशांवर उकळते, पण १ बार जादा दाबाखाली ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि ग्लायकोल मिसळलेल्या कुलंटची मर्यादा त्याहूनही वर असते. कॅपचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, तर हा दाब टिकत नाही. मग चढावर कुलंट लवकर उकळते, बाटलीत ढकलले जाते आणि वाफ होऊन निघून जाते. आपण वर्णन केलेली दोन्ही लक्षणे एवढ्यानेही उद्भवू शकतात.

त्यानंतर रेडिएटरच्या जाळीकडे वळावे. एसीचा कंडेन्सर बहुधा रेडिएटरच्या पुढे असतो आणि त्या दोघांच्या फटीत किडे, गवत व आपल्याकडची तांबडी धूळ घट्ट बसते, जी पुढून पाहिल्यास मुळीच दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या धारेने पाणी मारावे. प्रेशर वॉशर वापरल्यास जाळीच्या पात्या वाकतात आणि केलेले काम उलटते. घाटात गाडीचा वेग कमी आणि इंजिनावरचा भार जास्त असल्याने हवा ओढण्याची सारी जबाबदारी पंख्यावर येते. म्हणून फॅन बेल्टचा ताण आणि पंख्याचा क्लचही (पंख्याला इंजिनाशी जोडणारा व सोडवणारा भाग) तपासावा.

शेवटी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून कॅपवर लिहिलेला दाब भरावा आणि पंधरा-वीस मिनिटे काटा पाहावा. दाब उतरला पण ओल दिसली नाही, तर वॉटर पंपाखालच्या छोट्या छिद्राजवळ वाळलेल्या कुलंटचा रंगीत थर शोधावा. गरम इंजिनावर थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही.

मडगाव_कॅराव्हान

तपासणीबाबत सहमत आहे. मात्र "हत्यारे आहेत, म्हणून करू" हा निकष मला पटत नाही. लहान मोटारीची सवय असलेल्या माणसाला या गाडीच्या वजनाचा अंदाज येत नाही. पलंग, पाण्याची टाकी व बॅटऱ्यांसह ती कित्येक टनांची होते, आणि ती केवळ जॅकवर उचलून, तेही अंगणातील भुसभुशीत मातीत, खाली शिरणे सर्वस्वी चुकीचे आहे. जे काम गाडी न उचलता होते, म्हणजे कॅप, वरचे होस पाइप, क्लिपा, थर्मोस्टॅट आणि कुलंट बदलणे, ते खुशाल घरी करावे. पंप टायमिंगच्या (इंजिनाचे भाग जुळवून फिरवणाऱ्या बेल्ट वा साखळीच्या) झाकणामागे असेल किंवा रेडिएटर काढण्यासाठी एसीचा गॅस सोडावा लागत असेल, तर तेथे थांबावे. ज्वलनवायूची रासायनिक चाचणी करताना निळे द्रावण हिरवे किंवा पिवळे झाले, तर सिलिंडरमधील वायू कुलंटमध्ये शिरत आहे, बहुधा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा व खालचा भाग यांमधील सील) गेलेली आहे, हे समजावे आणि गाडी टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी.

आणखी एक गोष्ट. काढलेले कुलंट गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. एथिलीन ग्लायकोल चवीला गोडसर पण विषारी असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि दगावतात.

साखळी_घाटवाट

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि तो सर्रास चुकीचा आहे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, डिझेल जास्त लागते, झीज वाढते आणि मूळ बिघाड काही काळ झाकला जातो. जुना थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात थर्मामीटरसह तापवून पाहावा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला नाही, तर नवा बसवावा.

म्हापसेकर_भ्रमंती

सर्वांचे आभार. कॅपच्या रबराला चिरा आहेत आणि कंडेन्सरमागे मातीचा थर निघाला. टेस्टर लावल्यावर दाब मात्र टिकला, त्यामुळे रेडिएटर व पंप बदलण्याचा विचार तूर्त सोडला आहे. कॅप, वरचे होस आणि कुलंट मी स्वतः बदलणार आहे. नवीन कुलंट भरताना आत हवा अडकू नये म्हणून काय करावे?

फोंडा_डिझेल

गाडीचे तोंड चढाकडे करून उभी करावी, केबिनमधील हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि इंजिन थंड असतानाच सावकाश भरावे. हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास त्यातून बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा. पाणी मिसळायचे असल्यास डिस्टिल्डच वापरावे, विहिरीचे नको. जुन्या कुलंटचा रंग पाहून नवे निवडू नये, कारण रंगावरून प्रकार ठरत नाही; पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्यावा. नंतर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी पातळी पुन्हा पाहावी, ती थोडी उतरलेली असते. पहिली फेरी चोर्ल्याला न करता पर्वरी-पणजी भागातच करावी.