मुलांच्या फोरहँडला रॅकेटचा स्पीडच येत नाहीये, काय करू?

कोथरूड_बेसलाईन:
संध्याकाळची टेनिसची बॅच घेतो, ११-१२ वर्षांची आठ मुलं. ग्रिप ठीक, पाय ठीक, स्ट्रोक दिसायलाही छान, पण बॉलमध्ये जीवच नाही. "जोरात मार" म्हटलं की मुठी आवळतात, खांदे वर चढतात आणि बॉल नेटमध्ये नाहीतर थेट मागच्या जाळीवर. हातात ताकद कमी म्हणायची का माझं शिकवणं चुकतंय? एका मुलीचं मनगट दुखायला लागलंय, त्याची जास्त काळजी आहे.

सैल_मनगट:
ताकदीचा प्रश्न नाही हो. "जोरात" हा शब्दच आधी बंद करा. मूठ आवळली की मनगट जाम होतं, मग रॅकेटचं डोकं हाताच्या मागे राहून शेवटी झपकन पुढे यायला पाहिजे ते होत नाही, मुलं नुसता बॉल ढकलतात. मी बॉल न देता हवेत स्विंग करायला लावतो आणि कान द्यायला सांगतो, सप्प आवाज कुठे येतोय? बहुतेकांचा मागेच येतो, म्हणजे बॉल लागायच्या आधीच वेग संपला. तो शरीराच्या पुढे, बॉल लागतो तिथे आला पाहिजे. मुलांना याचं वेड लागतं अक्षरशः.

औंधची_ताई:
बरोबर, पण वेग सुरू होतो पायातून. कैरीवर दगड मारताना आपण आधी पाय रोवतो, कंबर वळते, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी... तेच इथे. मी आधी बॉल लांब फेकायलाच लावते. २०१९ ला बालेवाडीत अँडरसन-कार्लोविच या टेनिसपटूंची फायनल पाहिली होती, दोघंही २ मीटरच्या वर, उंचीचा फायदा आहेच, पण सर्व्हला हात किती सैल होता ते अजून डोळ्यासमोर आहे.
आणि हे शिकवताना पहिले काही दिवस बॉल आऊट गेला तर बोलू नका प्लीज, एकदा का मुलं घाबरून हात आवरायला लागली की ते लवकर सुटत नाही. स्पीड आला की खालून वर ब्रश करायला शिकवा, टॉपस्पिनने, म्हणजे पुढच्या दिशेच्या फिरकीने, बॉल आत पडायला लागतो.
त्या मुलीची रॅकेट कुठली आहे?

कोथरूड_बेसलाईन:
ताई, आत्ता विचारलं, बाबांची २७ इंची वापरतेय, ३०० ग्रॅमची!

औंधची_ताई:
मग आजच बदला ती, २६ इंची हलकी द्या, मुलांसाठीच्या ग्रीन बॉलवर खेळू दे, तो साध्या बॉलपेक्षा साधारण २५ टक्के हळू असतो. आणि मनगट डॉक्टरांना दाखवेपर्यंत तिला फोरहँड मारायला लावू नका.