क्रिकेट कळतं, बेसबॉल अडतो: अमेरिकेत सामना बघण्याआधी काय समजून घ्यावं?

फोंडेकर_०८

सप्टेंबरात दोन वर्षांसाठी बॉस्टनला जायचं आहे. तिथले सहकारी रेड सॉक्स या तिथल्या बेसबॉल संघाच्या सामन्याला नेणार असं आताच ठरलंय. क्रिकेट आणि फुटबॉल नीट कळतं, पण बेसबॉलचे चार सामने मोबाइलवर बघूनही तीन गोष्टी अडल्याच.

एक, बॅटर चेंडू न मारताच कधी पहिल्या बेसवर जातो, तर कधी आउट होऊन परत जातो. दोन, कधी क्षेत्ररक्षक नुसता बेसवर पाय ठेवतो आणि आउट मिळतो, तर कधी धावणाऱ्याला चेंडू लावावा लागतो. तीन, पडद्यावरचे आकडे. मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, हिशेबाने कोणी सांगेल का?

मांडवीकाठ

आधी एक हिशेब डोक्यात पक्का करा, बाकीचं त्यावर बसवता येतं. क्रिकेटमध्ये धाव स्वस्त आणि विकेट महाग. बेसबॉलमध्ये आउट स्वस्त आणि धाव महाग (धाव म्हणजे तिन्ही बेस फिरून होम प्लेटवर परत येणं). इनिंग ९, प्रत्येक इनिंगमध्ये एका संघाचे ३ आउट, म्हणजे सामन्यात २७ आउट. त्यांच्या बदल्यात ४-५ धावा निघाल्या तरी ती नेहमीची धावसंख्या. आउट झालेल्या बॅटरचा दिवस संपत नाही, नऊ जणांचा क्रम फिरत राहतो आणि त्याची पाळी चारेक वेळा येते. म्हणून इथे विकेट जपणं नाही, बेसवर माणूस पोचवणं हे काम.

आता तुमचा पहिला प्रश्न. पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो. बॅटर जिच्याजवळ उभा राहतो ती जमिनीतली पाटी म्हणजे होम प्लेट, १७ इंच रुंद. तिच्यावरून जाणारा आणि उंचीला गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून छातीच्या खालच्या भागापर्यंतचा जो पट्टा, तो स्ट्राइक झोन. या झोनमधून गेलेला चेंडू बॅटरने सोडला तर स्ट्राइक. बाहेरचा सोडला तर 'बॉल'. (इथे 'बॉल' म्हणजे मोजणीतला शब्द, वस्तूला मी चेंडूच म्हणतोय. नवख्याचा पहिला गोंधळ इथेच होतो.) बॅट फिरवून हुकली तर चेंडू कुठूनही जावो, स्ट्राइक. ४ बॉल झाले की बॅटरला पहिला बेस फुकट, त्याला वॉक म्हणतात. ३ स्ट्राइक झाले की आउट. चेंडू अंगाला लागला तरी पहिला बेस मिळतो, मात्र बॅटरने तो चुकवायचा प्रयत्न केलेला हवा. आणि टप्पा पडलेला चेंडू सोडला तर तो बॉलच. यॉर्कर वगैरे विसरा.

मैदान पूर्ण गोल नाही, होम प्लेटपासून ९० अंशांचा कोन. त्या दोन रेषांच्या बाहेर गेलेला फटका फाउल. फाउल म्हणजे स्ट्राइक, पण दोन स्ट्राइक आधीच झालेले असतील तर तिसरा मोजत नाहीत, म्हणून चांगला बॅटर ५-६ फाउल मारत पिचरला दमवतो. लेट कट आणि लेग ग्लान्स इथे फाउलमध्येच जातील. फाउल चेंडू हवेत झेलला तर मात्र आउट.

नुसते नियम पाठ करण्यापेक्षा काउंट वाचायला शिका. आधी बॉल, मग स्ट्राइक असा तो सांगतात. ३-१ असेल तर पिचरला झोनमध्ये टाकणं भागच असतं, कारण पुढचा बॉल म्हणजे वॉक. बॅटर तिथे आपल्या आवडीच्या जागेवरच्या फास्टबॉलची वाट बघतो. ०-२ असेल तर उलट. पिचर मुद्दाम झोनच्या खाली वळणारा स्लायडर टाकतो, बॅटरने फसून बॅट फिरवावी म्हणून. तोच पिचर, तोच बॅटर, पण काउंट बदलला की दोघांचं वागणं बदलतं. पाच मिनिटं काहीच घडत नाही असं ज्याला वाटतं, तो काउंट बघत नसतो.

साखळी_ते_शिकागो

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. स्वतःला एकच विचारायचं: धावणाऱ्याला मागे थांबायला जागा उरली आहे का?

जमिनीवरून फटका बसला की बॅटरला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. पहिल्या बेसवर आधीच कोणी असेल तर त्याची जागा गेली, त्याला दुसऱ्याकडे जाणं भाग. ज्याला जाणं भाग आहे त्याच्यासाठी पुढच्या बेसवर चेंडू हातात घेऊन पाय ठेवला की पुरे, हा फोर्स आउट. ज्याच्या मागे कोणी ढकलणारा नाही, तो हवं तर जागेवर थांबू शकतो. म्हणून त्याला प्रत्यक्ष चेंडू लावावा लागतो, हा टॅग. फक्त दुसऱ्या बेसवर माणूस असेल आणि तो तिसऱ्याकडे पळाला तर टॅग हवा. पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही बेसवर असतील तर फोर्स.

चूक कुठे होते? फोर्स मध्येच संपू शकतो. पहिल्या बेसवर रनर आहे, पहिल्या बेसच्या खेळाडूने चेंडू उचलला, आधी स्वतःच्या बेसवर पाय ठेवून बॅटरला आउट केलं आणि मग दुसऱ्या बेसकडे फेकला. आता रनरच्या मागे ढकलणारा कोणी उरला नाही, त्यामुळे दुसऱ्या बेसवर टॅगच करायला हवा. हीच चाल उलट क्रमाने केली तर दोन्हीकडे पाय पुरतो.

झेल उडाला तर नियम वेगळा. झेल होईपर्यंत किंवा झाल्यावर रनरला आपल्या बेसला पाय लावावा लागतो, मगच पुढे पळता येतं. तिसऱ्या बेसवर माणूस आणि दोनपेक्षा कमी आउट असताना लांबचा झेल गेला, तर बॅटर आउट होऊनही धाव मिळते. क्रिकेटवाल्याला हे पचायला वेळ लागतो, पण दोन्ही संघ तो सौदा समजून उमजून करतात.

पहिला बेस ओलांडून पुढे पळत गेलं तरी चालतं. दुसऱ्या-तिसऱ्यावरून पाय निसटला तर टॅग होऊन आउट, म्हणून तिथे घसरत जातात. बेस एकमेकांपासून ९० फूट, म्हणजे साडेसत्तावीस मीटरच्या आत.

मांडवीकाठांनी लिहिलेल्या फाउलमध्ये दोन भर: दोन स्ट्राइक असताना बंट (बॅट न फिरवता चेंडू हळूच ढकलणं) करायला जाऊन फाउल झाला तर आउट. आणि बॅटला पुसटसा लागून चेंडू थेट बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेला तर तीही तिसरी स्ट्राइक.

मांडवीकाठ

बरोबर, बंट राहूनच गेला होता. तिसरी स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटली तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो, हेही जोडा. पहिला बेस रिकामा हवा, किंवा दोन आउट झालेले हवेत. स्ट्राइकआउट होऊनही माणूस बेसवर दिसला तर कारण हेच.

आकडेमोड_पेडणे

पडद्याच्या कोपऱ्यात छोटा चौकोन उभा केल्यासारखा आकार दिसतो, त्यातला रंगवलेला कोपरा म्हणजे भरलेला बेस. शेजारी काउंट, आउटचे ठिपके, आणि पिचरने टाकलेल्या चेंडूंची संख्या. इनिंगच्या आकड्याजवळ वर टोक केलेला बाण म्हणजे पाहुणा संघ बॅटिंग करतोय, खाली असेल तर यजमान. यजमान नेहमी नंतर खेळतो, त्यामुळे नवव्या इनिंगच्या पहिल्या अर्ध्यानंतर तो पुढे असेल तर उरलेला अर्धा खेळवतच नाहीत. फलकाच्या शेवटी तीन रकाने असतात: धावा, हिट (फटक्यावर बेस गाठणं) आणि एरर (क्षेत्ररक्षणातल्या चुका).

क्रिकेटच्या सवयीने हमखास फसवणारा आकडा म्हणजे पिचरच्या इनिंग्ज. ६.१ म्हणजे सहा षटकं एक चेंडू असं वाचू नका. ६ इनिंग आणि पुढच्या इनिंगमधला एक आउट, म्हणजे सहा पूर्णांक एक तृतीयांश. ईआरए, म्हणजे पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, काढताना हे लागतं: पिचरच्या खात्यावरच्या धावा गुणिले ९, भागिले इनिंग्ज. ६ इनिंगमध्ये २ धावा दिल्या तर ३.००. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे झालेल्या धावा यात धरत नाहीत.

बॅटिंगची सरासरी म्हणजे दर पाळीला किती वेळा हिट. ०.३०० म्हणजे दहात तीन, आणि तेवढ्यावर माणूस उत्तम गणला जातो. अलीकडच्या हंगामांत लीगची सरासरी ०.२४५ च्या आसपास असते. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये ०.४०६ केली, त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या पूर्ण हंगामात कोणी ०.४०० गाठलेली नाही. पण या सरासरीत वॉक धरत नाहीत, म्हणून नुसती तीच बघणं मला अपुरं वाटतं. ऑन-बेस टक्केवारी बघा, कारण बेसवर पोचणं हेच वर म्हटलेलं खरं काम.

समालोचनात '६-४-३' ऐकू येईल. ती क्षेत्ररक्षकांची ठरलेली क्रमसंख्या: १ पिचर, २ कॅचर, ३ पहिला बेस, ४ दुसरा बेस, ५ तिसरा बेस, ६ शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला), ७-८-९ डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड, म्हणजे बेसपलीकडचं मैदान. ६-४-३ म्हणजे शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर, एका फटक्यात दोन आउट.

फोंडेकर_०८

सगळ्यांचे आभार, फोर्सचं गणित आता पक्कं बसलं. पुढचं विचारतो: पिचर छान टाकत असताना सहाव्या इनिंगमध्ये त्याला का काढतात? आणि हंगाम कसा असतो? मी पोचेन तेव्हा सामने उरलेले असतील ना?

साखळी_ते_शिकागो

सुरुवातीचा पिचर साधारण ९०-१०० चेंडूंपर्यंत जातो. एक कारण थकवा. दुसरं जास्त महत्त्वाचं: तिसऱ्या फेरीला येणाऱ्या बॅटरने त्याचे चेंडू दोनदा पाहिलेले असतात आणि तो जास्त चांगला मारतो. मग बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर तयारी करतात तिथून, ताजा पिचर येतो. शेवटच्या इनिंगमध्ये थोडी आघाडी राखायला येणारा तो क्लोझर. काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, त्यामुळे मॅनेजर बदल जपून करतो. २०२० पासून नव्या पिचरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात किंवा ती अर्धी इनिंग संपवावी लागते.

जुने सामने बघून शिकत असाल तर सांभाळा, २०२३ पासून खेळ बराच बदललाय. घड्याळ आलं: बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, रनर असेल तर आता १८. बॅटर ८ सेकंद उरेपर्यंत तयार हवा. पिचर चुकला तर बॉल, बॅटर चुकला तर स्ट्राइक. बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले. बरोबरी झाली तर अनिर्णित नाही, दहाव्या इनिंगपासून प्रत्येक संघ दुसऱ्या बेसवर एक रनर ठेवून सुरुवात करतो. हा शेवटचा नियम मला पटत नाही, न कमावलेला रनर बेसवर ठेवणं खेळाच्या हिशेबात बसत नाही. साखळीनंतरच्या प्लेऑफमध्ये तो लागू नाही, ते बरं.

मांडवीकाठ

हंगाम शिगम्याच्या सुमारास, मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर साखळी संपते. प्रत्येक संघाचे १६२ सामने, जवळजवळ रोज. संघ ३०, अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये १५-१५, प्रत्येकीत पाच-पाचचे तीन विभाग. रेड सॉक्स अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात, यांकीज, ब्लू जेज, रेज आणि ओरिओल्सबरोबर. गोव्यातल्या फुटबॉल लीगसारखी खालच्या विभागात घसरण इथे नाही. तळाचा संघही पुढच्या वर्षी तिथेच असतो.

उत्तम संघसुद्धा साठेक सामने हरतो, तेव्हा एका पराभवावर सहकाऱ्यांचं सांत्वन करायला जाऊ नका. १६२ सामन्यांच्या हंगामात ११६ विजयांपुढे कोणी गेलेलं नाही, आणि ते सिएटलने २००१ मध्ये केले. गुणतक्त्यात 'गेम्स बिहाइंड' असतो: विजयांतला फरक अधिक पराभवांतला फरक, भागिले दोन. पहिला ९०-६०, दुसरा ८७-६३, तर दुसरा ३ सामने मागे.

प्रत्येक लीगमधून सहा संघ ऑक्टोबरात जातात: तीन विभागविजेते, तीन वाइल्ड कार्ड (उरलेल्यांतले सर्वांत चांगले). पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचांची, मग लीग अजिंक्यपद आणि वर्ल्ड सीरिज सात-सातांची. म्हणजे तुम्ही पोचाल ते ऐन चुरशीच्या दिवसांत.

आकडेमोड_पेडणे

तोवर गोव्यातून बघायचं तर वेळेचं गणित हे: उन्हाळ्यात बॉस्टनपेक्षा आपण साडेनऊ तास पुढे. तिथला संध्याकाळी ७:१० चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४:४० ला. रविवारी दुपारी १:३५ चा सामना इथे त्याच रात्री ११:०५ ला, नोकरदाराला तोच सोयीचा. पश्चिम किनाऱ्यावरचे ७:१० चे सामने इथे सकाळी ७:४० ला लागतात. लीगच्या स्वतःच्या ॲपचं सदस्यत्व असेल तर बॉस्टनला गेल्यावर ते तपासा, स्थानिक संघाचे थेट सामने त्याच शहरात बंद ठेवायची पद्धत आहे.

रेड सॉक्सचं मैदान फेनवे पार्क १९१२ चं. इन्फिल्डची मापं सगळीकडे सारखी असतात, आउटफिल्डची नाहीत. इथे डावीकडची भिंत ३७ फुटांहून उंच पण जवळ, त्यामुळे दुसऱ्या मैदानात झेल झाला असता तो उंच फटका भिंतीला लागून दोन बेस देतो, आणि सपाट जोरदार फटका होमरन (भिंतीपार जाऊन थेट धाव) न होता अडतो. डावीकडे चेंडू उडाला की गर्दीसारखं आकाशाकडे न बघता डाव्या आउटफिल्डरकडे बघा. तो भिंतीला पाठ करून थांबला तर झेलेल, वळून भिंतीकडे तोंड केलं तर चेंडू उसळून येणार.

फोंडेकर_०८

प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यावा लागतो का?

साखळी_ते_शिकागो

नाही, तो तुमचा. फक्त कठड्यावरून मैदानात हात घालून खेळात असलेला चेंडू उचलू नका. ती प्रेक्षकाची आडकाठी धरतात, पंच निकाल बदलू शकतात आणि तुम्हाला बाहेर काढतात. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलात तर प्रत्येक चेंडूला फोन खाली ठेवा. जाळीपलीकडच्या जागांवर फाउल फटका एका सेकंदाच्या आसपास पोचतो.