मदत हवी आहे: हेलिकोप्रियनचे जुने दात पडायचे का नाहीत?

नमस्कार मंडळी, सध्या नामशेष माशांच्या दातांबद्दल वाचतोय आणि हेलिकोप्रियनपाशी (दातांची गोल गुंडाळी असलेला शार्कसारखा मासा) येऊन गाडी अडलीये. शार्कचं समजतं, आतल्या बाजूला नवीन दातांच्या रांगा तयार होत राहतात, पुढचा दात गळला की मागचा त्या जागी येतो, म्हणून तर मेगालोडॉन ह्या नामशेष महाकाय शार्कचे सुटे त्रिकोणी दात इतके सापडतात. पण पर्मियन काळातल्या (डायनासोरांच्याही आधीच्या) ह्या हेलिकोप्रियनमध्ये दात गळतच नाहीत, सगळे एकाच सलग मुळावर बसलेले, नवीन दात मागून येणार आणि जुने पुढे सरकत खाली वळून गुंडाळीच्या आत जाणार. म्हणजे अगदी मधले बारीक दात त्याच्या पिल्लूपणीचे आणि बाहेरचे मोठे ताजे, सगळं आयुष्य एका चक्रात! किती भारी आहे हे.

रशियन भूवैज्ञानिक कार्पिन्स्की यांनी १८९९ मध्ये वर्णन केल्यापासून हे चक्र नेमकं कुठे बसायचं यावर वाद होता, २०१३ मध्ये सीटी स्कॅनमुळे कळलं की ते खालच्या जबड्यात मधोमध होतं.

आता माझा प्रश्न. एवढी गुंडाळी वाढत असताना तिला कूर्चेच्या (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीच्या) जबड्यात जागा कशी होत गेली, म्हणजे आतली कूर्चा विरघळत होती की जबडाच तिच्याभोवती वाढत होता? आणि दातांवर झीज फारशी दिसत नाही ती भक्ष्य मऊ होतं म्हणून, की दात झिजायच्या आतच पुढे सरकायचे म्हणून? त्याच गटातल्या एडेस्टस ह्या नामशेष माशाशी तुलना करून कोणी सोप्या भाषेत समजावलं तर फार बरं होईल, आकृती असेल तर प्लीज टाका.