खासगी इंजिनीअरिंग कॉलेज: भरलेले पैसे वसूल झाले का? आपापले अनुभव सांगा

दीडदमडी, डोंबिवली

मुलाला सीईटीत ८१ पर्सेंटाइल. प्रवेशाच्या या राउंडला बदलापूरच्या पुढचं एक कॉलेज लागलंय, आमची सातवी पसंती, शाखा कॉम्प्युटर. फी वर्षाला १,३८,०००, कॉलेजच्या बसचे वेगळे. बायको म्हणते घेऊन टाका, वर्ष वाया जायला नको.

परवा जाऊन पाहून आलो. गेटवर भलामोठा फ्लेक्स, प्लेसमेंट झालेल्या मुलांचे ५६ फोटो. बस यायला वेळ होता म्हणून मोजत बसलो. एक चष्मेवाली मुलगी तीनदा दिसली, एक दाढीवाला चारदा. म्हणजे ऑफर लेटर तितके फोटो! माणसं धरली तर ३१ भरली.

दुसरा पर्याय ठाण्यात बीएस्सी आयटी, फी याच्या निम्म्याहून कमी. सोमवारपर्यंत ठरवायचंय. सल्ला देणारे सोसायटीत भरपूर आहेत, मला पैसे भरलेल्यांचे अनुभव हवेत. कॉलेजांची नावं नकोत.

केटीसम्राट

माझंच सांगतो, आकड्यांसकट. कर्ज ६ लाख, दर वर्षी दीड लाख उचलायचं, व्याज साडेदहा टक्के. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यामुळे बँकेत काम पटकन झालं. चार वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष, तोवर हप्ता नाही. बाबांना वाटलं, बरंय, पाच वर्षं बिनघोर. पण हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी खात्यावर ८ लाख २० हजार होते. सात वर्षांच्या फेडीला महिना १३,८०० च्या आसपास.

पहिली नोकरी ३ लाख २० हजारांची, हातात २३ हजार. हप्ता गेला की ९ हजार उरायचे. त्यात अंधेरीचा पास, डबा नेला नाही तर वडापाव. आईला पहिल्या पगाराची साडी घ्यायची होती, ती दुसऱ्या दिवाळीला घेतली. प्राप्तिकरात ८०ई कलमाखाली व्याजाची वजावट मिळते म्हणून तेव्हा सगळे सांगायचे, पण तेवढ्या पगाराला करच लागत नव्हता, वजावट कशातून घेऊ?

वसूल झाले का? चौथ्या वर्षी नोकरी बदलली तेव्हा झाले म्हणायचे. पण शिकत असतानाच महिन्याचं व्याज तेवढं भरत गेलो असतो तर ते सव्वादोन लाख मुद्दलाच्या डोक्यावर बसले नसते. आता घेणाऱ्यांनी हे तरी करा.

मुलुंडची मावशी

मुलगी आहे का? मुलगा म्हणालात, मग अर्धाच फायदा. २०२४-२५ पासून कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) आलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॉलेजची शिक्षण फी (ट्यूशन फी) पूर्ण माफ. मुलग्यांना राजर्षी शाहू योजनेत निम्मी. आम्ही "माफ, माफ" म्हणत नाचलो आणि काउंटरवर पावती हातात आली. विकास शुल्क आहेच, त्याखाली ग्रंथालय अनामत, 'इतर', आणि 'इतर'च्या खाली पुन्हा एक 'संकीर्ण'. मी क्लार्कला विचारलं, दादा, या दोघांत फरक काय? तो हसला आणि शिक्का मारला.

खडूफळा

अशाच एका कॉलेजात सहा वर्षं शिकवलं, म्हणून गेटच्या आतलं सांगतो. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा नियम. कागदावर आम्ही पुरेसे होतो. तपासणीच्या आठवड्यात तर जास्तच, कारण स्टाफरूममध्ये कधी न पाहिलेली माणसं खुर्च्यांवर बसलेली असायची. एकांशी मी चहा घेतला, ते तीन कॉलेजांच्या पगारपत्रकावर होते म्हणे. त्याच वर्षी आमचा पगार तीन महिने थकला आणि मार्चमध्ये दोन चांगले सर निघून गेले. मुलांचा मायक्रोप्रोसेसर अर्ध्यात राहिला.

तुम्हाला प्राचार्य भेटतील, चहा देतील, स्वायत्तता, एनबीएचं मानांकन वगैरे सांगतील. ते ऐकून घ्या आणि कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा. गेल्या सेमला एका विषयाला किती सर बदलले एवढंच विचारा. आणि शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजची मंजूर फी बघून तुमच्या पावतीशी ताडा. त्यावर जास्त घेता येत नाही.

नाव_नको

आम्ही मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं. पावतीवर होतं ते एक, पाकिटात दिलं ते दुसरं. कायद्याने कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी वरून घेतलेले पैसे, १९८७ पासून बंद आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, उगाच भोळेपणाचा आव आणत नाही. महिन्याभरात मुलाला दुसरीकडे जागा मिळाली. पावतीचे पैसे खेटे घालून परत मिळाले. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका मात्र "साहेब आले की" करत दोन आठवडे अडकवल्या. मूळ कागद ठेवून घ्यायची कॉलेजला परवानगीच नाही, हे ठणकावून सांगितलं तेव्हा निघाल्या. पाकिटाचं काय विचारता? आणि कोटा घेतलात तर मावशींच्या त्या सवलतीही विसरा.

खेरवाडीचा

दहावीनंतर वांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग. एक वर्षाची फी वाचली. तुमच्या मुलाला आता उपयोग नाही, धाकटं कुणी असेल तर लक्षात ठेवा.

नालासोपारा_लोकल

सगळे रडगाणंच गातायत म्हणून लिहिते. माझं कॉलेज यथातथा होतं, पण माझे पैसे वसूल झाले. कंपनीच्या अर्जात बीई असेल तरच पुढचं पान उघडायचं. त्या एका रकान्यासाठी चार वर्षं आणि साडेपाच लाख. महाग आहे, कबूल, पण माझ्या चुलतबहिणीसाठी ते पान उघडलंच नाही. कोडिंग मी कॉलेजात शिकले नाही. ट्रेनमध्ये बसायला जागा मिळायची, कारण उलट्या दिशेने जायचे, तिथे शिकले.

बीएस्सीवाला

तो रकाना नंतरही भरता येतो, ताई. मी बीएस्सी आयटी केलं, घरून डबा नेऊन. मग एमसीएची (कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर पदवीची) सीईटी देऊन मुंबईचं वीजेटीआय कॉलेज. तीन आणि दोन, पाच वर्षं गेली, एक वर्ष जास्त. त्याचं मला काही वाटत नाही, पण प्रवेश मिळेलच अशी खात्री नव्हती हे खरं. न मिळता तर आज मी हे इतक्या तोऱ्यात लिहिलं नसतं.

दीडदमडी, डोंबिवली

सगळ्यांचे आभार. शनिवारी मुलगा एकटाच कर्जत लोकलने जाऊन आला. कॅन्टीन बंद होतं, पण स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षात तिसऱ्या वर्षाचे दोघं भेटले. एका विषयाला तीन सर झाले, चौथे यायचेत. लॅबमधल्या मॉनिटरवर अजून प्लास्टिक आहे म्हणे. पण तेच दोघं त्याला म्हणाले, येऊन टाक, आम्ही नोट्स देतो.

मंजूर फी ताडून पाहिली, बरोबर आहे. बसचे वर्षाचे ३२,००० मी धरलेच नव्हते, आता चार वर्षांचे सहा लाख ऐंशी हजार होतात. सीट फ्रीझ (पक्की) केलेली नाही, बेटरमेंटला ठेवलीय, म्हणजे पुढच्या राउंडला वरची पसंती मिळते का बघायचं. बायकोने केटीसम्राटांचा हिशोब दोनदा वाचला आणि काही न बोलता कुकर लावायला गेली.

एक विचारायचं राहिलं: पुढच्या राउंडला जवळचं बरं कॉलेज मिळालं, पण शाखा ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) असेल तर? कुणी अशी शाखा घेऊन सॉफ्टवेअरमध्ये गेलंय का?