धरणाकाठी गळ टाकता? तुमचे अनुभव लिहा

पाऊस उघडला की हतनूर, वाघूर, गिरणा, अनेर, जिकडे पाणी तिकडे रॉड आणि तंगूस घेऊन बसलेली मंडळी दिसायला लागतात. हौसेने मासे धरणाऱ्यांनी इथे लिहा. कुठे बसता, आमिष काय लावता, काय लागलं. फुशारकी चालेल, फक्त पाच किलोचा कटला सांगितलात तर तो काठावर काढला कसा तेही सांगा.

सुरुवात मीच करतो. माझी जागा हतनूरच्या फुगवट्याची, चांगदेवच्या बाजूची. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. गळ किती खोल सोडायचा ते यावरच ठरतं. माझा जीव रोहूत. शेंगदाण्याची ढेप रात्री भिजत घालतो, सकाळी कणकेत मळतो, वर भाजून कुटलेली बडीशेप. गोळा फेकताना सुटू नये इतका घट्ट हवा, पण पाण्यात हळूहळू विरघळायलाही हवा, नाहीतर वास पसरत नाही. रोहू आमिष एकदम गिळत नाही, आधी ओठांनी चाचपतो. तरंडा (तंगुसाला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा) नुसता थरथरतो. नवखा माणूस तिथेच झटका देतो आणि रिकामा गळ वर येतो. तरंडा तिरका होऊन सरकायला लागला की मगच ओढायचं, तेही रिळाचा ताण सैल ठेवून. मोठा रोहू पहिल्या धावेत तंगूस तोडतो.

चाळीसगावहून
गिरणेच्या काठी बसलो होतो. होडीतून एक भोईबाबा आले. "आठे काय करी राह्यना भाऊ?" आवाजात जाब होता, आणि तो रास्तच होता. पाणी सरकारचं असलं तरी मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीचा असतो. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून धरणात सोडावी लागते. म्हणजे आपल्या गळाला लागतो तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी पैशांचा मासा. आता आधी त्यांना विचारतो, ठरेल ते देतो. बदल्यात मासा कुठल्या अंगाला फिरतोय ते बाबाच सांगतात, आणि ती माहिती कुठल्याही यूट्यूबवाल्यापेक्षा खरी निघते.

नवापूरहून
उकाई धरण गुजरातेत, फुगवटा आमच्या तालुक्यापर्यंत. इथली पोरं बांबूची काठी आणि गांडूळ एवढ्यावर चिलापी काढतात. मोझांबिकची चिलापी १९५२ साली भारतात आणली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, मग वाढणार नाही तर काय! रॉडवाले नाक मुरडतात. तव्यावर आली की मागून घेतात.

पारोळ्याहून
मी फक्त मरळवाला. उथळ पाणी, शेवाळ, रबराचा बेडूक. मरळ हवा घ्यायला वर येते, तेव्हा बुडबुड्यावरून ठिकाण कळतं. एकच सांगणं आहे. पाण्यावर केशरी पिल्लांचा घोळका दिसला की खाली आईबाप राखणीला असतात. तिथे बेडूक फेकला तर ते हमखास झडप घालतात. कृपा करून फेकू नका, जोडी उचलली की पिल्लं इतर माशांच्या पोटात.

जळगावहून
नवरा धरतो, साफ मी करते, म्हणून माझाही अनुभव. धरणाच्या माशाला गाळकट वास येतो, विशेषतः मृगळाला. पोटातलं काळं पापुद्र्यासारखं अस्तर खरवडून काढा, मग मीठ-हळद आणि चिंचेचा कोळ लावून ठेवा. काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत कळण्याची भाकरी. काट्यांची तक्रार करणाऱ्याने ताटावर बसू नये.

भुसावळहून
वरच्या सगळ्यांना पटेल असं सांगतो. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काठचा गाळ वरून भेगाळलेला दिसतो, आत ढिला असतो. आमच्याकडे म्हैस रुतलेली पाहिली आहे. पाय टाकण्याआधी काठी खुपसून बघा. पावसाळ्यात हतनूरच्या ४१ दरवाजांच्या खालच्या अंगाला बसूच नका. दरवाजे उघडायचे म्हणून भोंगा झाला तर तंगूस गुंडाळत बसायचं नाही, रॉड तिथेच टाकून वर यायचं.