पैसे घेऊन केलेलं रील आणि लेकीचं पहिलं मत

काळी_पाच (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. माझा दोन खोल्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. एरवी भजनं, हळदीची गाणी, एखादा पोवाडा. निवडणूक लागली की प्रचारगीतं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला अकरा गाणी केली आणि खरं सांगायचं तर त्यातली तीन एकाच चालीवर. आडनाव तीन-चार अक्षरी असलं की मुखड्यात अलगद बसतं. जोडआडनाव आलं की ढोलकीवाला माझ्याकडं बघून शिव्या घालतो. अपक्षांची तर वेगळीच तऱ्हा. माघारीची मुदत संपल्याशिवाय चिन्ह मिळत नाही आणि तोवर थांबायला कुणाला वेळ नसतो. मग चिन्हाच्या जागी 'ला ला ला' गाऊन ठेवायचं. शिट्टी मिळाली की शिट्टी, कुकर मिळाला की कुकर, तेवढा शब्द मागाहून चिकटवायचा.

तर त्या धामधुमीत एक गायक आला. नाव सांगत नाही. लोकगीतं गातो, रीलवर लाखांनी बघतात, माझी लेक त्याची भक्तच. गाणं झाल्यावर त्यानं माझ्याच माईकसमोर उभं राहून मोबाइलवर एक रील केलं: 'मित्रांनो, कुणी सांगितलं म्हणून नाही, मनापासून बोलतोय, आपल्या अमुकभाऊंनाच मत द्या.' बोलायच्या आधी मला विचारलं, 'दादा, हे भाऊ कुठल्या पक्षाचे?' पहिल्या टेकला नावच चुकलं. पाकीट टेबलावर होतं.

दुसऱ्या दिवशी तेच रील लेकीच्या स्टेटसला. तिचं पहिलंच मत होतं. मी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं का? आणि मुळात कलाकारांनी पोरांना 'याला मत द्या' असं सांगावं का? माझं पोट त्यावरच चालतं, तरी विचारतोय.

सातारारोड

काळी पाच राव, सांगावं की! कलाकारानं गप्प बसायचं हे खूळ आलं कुठून? अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर डफ घेऊन गावोगाव फिरले नसते तर संयुक्त महाराष्ट्राचा विषय गिरणीच्या चाळीत आणि आमच्यासारख्यांच्या वाडीत पोचला असता का? आमचे वडील भाषणं विसरले होते, पण शाहिरांचे शब्द मरेपर्यंत तोंडपाठ.

१९७७ मी स्वतः पाहिलंय. तेव्हा मतदानाचं वय २१, अठरा तर १९८९ पासून झालं. मी बावीसचा, पहिलंच मत. पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या सभांतून बोलत होते. एरवी हसवणारा माणूस आणीबाणीविरुद्ध असा उभा राहिला म्हटल्यावर आम्ही पोरं हललो. हो, प्रभाव पडला, लाज कसली त्यात? पुलंनी त्याबदल्यात कुठलं पद घेतलं नाही, लिहायला निघून गेले. त्याच्या आदल्या वर्षी किशोर कुमारनं सरकारी कार्यक्रमाला नकार दिला तर आकाशवाणीवरून त्याची गाणीच बंद केली होती. कलाकाराचा काही परिणाम होत नसता तर सरकारनं एवढा त्रास घेतला असता का?

तुमच्या त्या गायकानं काय पणाला लावलं? उलट पाकीट घेऊन गेला. मी तरी एवढंच बघतो.

जाता जाता: २०२४ च्या लोकसभेला आमच्या साताऱ्यात वादकांपेक्षा वाद्यानं जास्त काम केलं. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि एका अपक्षाला मिळालं ट्रम्पेट, ज्याचं मराठी नाव यादीत 'तुतारी' असंच छापलेलं. त्यानं ३७ हजारांवर मतं घेतली आणि पवारांचा उमेदवार पडला ३२ हजारांच्या आसपास मतांनी. आता बोला.

एकोणीसची

काका लोक, सॉरी, पण तुम्ही आम्हाला फारच भोळं समजता. वर्सोव्यात काय झालं आठवतंय ना? एजाज खान, इन्स्टाग्रामवर पन्नास लाखांच्या वर फॉलोअर, विधानसभेला उभा राहिला आणि मतं मिळाली १५५. नोटाला हजारावर होती. आम्ही बघतो, हसतो, पुढं सरकवतो. लाइक द्यायला काय जातंय.

आणि काळी पाच काका, स्टेटस म्हणजे मत नव्हे हो. तुमच्या मुलीनं गायक आवडतो म्हणून ठेवलं असेल.

काळी_पाच

एकोणीसची, बाळ, असेलही. पण मग शिरूर? डॉ. अमोल कोल्हे मालिकेतून संभाजी महाराज म्हणून घरोघरी पोचले आणि २०१९ ला तीन वेळा खासदार झालेल्या आढळरावांना पाडलं. तिथं पडद्याचा काहीच वाटा नव्हता म्हणतेस?

एकोणीसची

होता ना. पण ते स्वतः उभे होते. लोकांना पाच वर्षं त्यांना धरून जाब विचारता आला आणि २०२४ ला पुन्हा निवडून दिलं. तुमचा रीलवाला भाऊंनी रस्ता नाही केला तर सापडणार आहे का?

परदेशी_भाकरी (न्यू जर्सी)

आमच्याकडचं सांगते. १० सप्टेंबर २०२४ ला ट्रम्प-हॅरिस वादसभा संपली आणि थोड्याच वेळात टेलर स्विफ्टनं हॅरिसना पाठिंबा जाहीर केला. सोबत मतदार नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळाची लिंक. २४ तासांत त्या लिंकवरून चार लाखांच्या वर लोक तिथं गेले. आमची कन्या त्यातलीच. मी वर्षभर 'नाव नोंदव, नाव नोंदव' करत होते, ते राहिलं बाजूला. बाईनं सांगितलं आणि जेवणाच्या ताटावरून उठून नोंदणी! हॅरिस हरल्या ते वेगळं. २०१८ ला टेनेसीतही स्विफ्टनं सिनेटचे उमेदवार ब्रेडेसन यांचं नाव घेतलं होतं, तेही हरलेच.

म्हणजे पोरांना दारापर्यंत नेणं यांना जमतं, आत कुठलं बटण दाबायचं ते नाही जमत. मला ते बरंच वाटतं. भारतात निवडणूक आयोगानं सचिन तेंडुलकरला घेतलं ते याच कामासाठी ना? पंकज त्रिपाठी तर वाजपेयींची भूमिका करत होते म्हणून जानेवारी २०२४ मध्ये आयोगाच्या त्या कामातून बाजूला झाले. इतकी शिस्त तिकडं असते आणि तुमच्या टेबलावर पाकीट!

काळी_पाच

ताई, शिस्तीचं म्हणाल तर आम्हालाही आहे. रिक्षावर भोंग्यातून वाजणाऱ्या गाण्याला जाहिराती तपासणाऱ्या निवडणूक समितीचं प्रमाणपत्र लागतं, खर्च उमेदवाराच्या ४० लाखांच्या मर्यादेत दाखवावा लागतो. लोकसभेला ठाकरेंच्या मशाल गीतातल्या 'जय भवानी'वरसुद्धा आयोगानं बोट ठेवलं होतं. शब्दाशब्दाला हिशेब. गायक मात्र 'मनापासून बोलतोय' म्हणाला की गाणं नाही, जाहिरात नाही, काहीच नाही. माझ्या बिलावर जीएसटी, त्याच्या मनावर काय?

सातारारोड काका, तुमचं पटलं, पण अर्धंच. मी तरी काय पणाला लावलं? तीन उमेदवारांना एक चाल विकली.

काल लेकीला सांगून टाकलं, पाकिटासकट. ती म्हणाली, 'बाबा, मला माहीत होतं. रीलमध्ये मागं आपली वाकळ टांगलेली दिसते. तुमच्याकडं येऊन कोण फुकट बोलतंय?' (आवाज घुमू नये म्हणून आईची जुनी वाकळ भिंतीला लावलीय.) मत कुणाला दिलं ते विचारलं तर म्हणाली, 'तुम्ही सांगा आधी.'

मी नाही सांगितलं. पण मतदान यंत्रासमोर उभा होतो तेव्हा माझीच ती चाल डोक्यात सारखी वाजत होती, आणि 'ला ला ला'च्या जागी कुणाचं चिन्ह घालायचं ते काही केल्या आठवेना.