मानकुराद आंब्याची मुळे न तोडता लॉनला पाइप कसे टाकू?

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यात आमचे जुने घर आहे. पुढच्या अंगणात आजोबांनी लावलेला मानकुराद, एका बाजूला फणस आणि कुंपणालगत 3 माड. मुलीच्या हट्टापायी जूनमध्ये तिथेच लॉन लावली. पाऊस होता तोवर झकास. दिवाळीनंतर पिवळी पडायला लागली. रोज नळी धरून उभे राहणे काही जमत नाही, म्हणून स्प्रिंकलर बसवायचे ठरवले.

प्लंबरचा बेत असा, की जेसीबीने दीड फूट खोल चर मारायचा, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मानकुरादाच्या खोडापासून 5 फुटांवरून. ‘आंब्याची मुळे खोल जातात, काही होत नाही,’ म्हणाला. पण मागे फणसाजवळ खांबासाठी खड्डा काढला, तेव्हा वीतभर खालीच मनगटाएवढी मुळे लागली होती. त्याखाली लगेच जांभा दगड. मुळे जाणार तरी कुठे?

खोडाच्या व्यासाच्या दर इंचाला 1 फूट त्रिज्येची जागा राखावी, असे वाचले. आमचे खोड 24 इंच, म्हणजे 24 फूट. अंगणच मुळी 35 फूट रुंद! मग पाइप काय शेजाऱ्यांच्या अंगणातून नेऊ?

प्रतिसाद 1

जेसीबी आत घेऊच नका. चर मारणे राहिले बाजूला, त्याच्या वजनानेच माती दबते. मुख्य पाइप कुंपणाकडेने न्या आणि तिथून फाटे खोडाच्या रोखाने आत घ्या, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे. खोडासमोरून आडवा गेलेला चर त्या बाजूची सगळी मुळे कापतो. हाताने खणा. 2 इंचांहून जाड मूळ लागले तर खालची माती कोरून पाइप सरकवा. उघडी मुळे ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि त्याच दिवशी माती ओढा. दीड फूट खोली कशाला हवी? थंड देशांत पाइपातले पाणी गोठते म्हणून खोल पुरतात. आपल्याकडे फाटे 5-6 इंचांवर ठेवले तरी चालतात, फक्त कुदळ मारताना लक्षात ठेवा.

प्रतिसाद 2

मुळे वाचतील हो, पण मोहोराचे काय? पावसाळा सरल्यावर आंब्याला पाण्याचा ताण बसावा लागतो, म्हणजे माती कोरडी राहावी लागते. नेमके तेव्हाच तुम्ही लॉन भिजवणार. मोहोराऐवजी पालवी फुटेल आणि मे महिन्यात बाजारातून मानकुराद आणाल. शिवाय खोडावर रोज फवारा बसला की साल कुजते. फांद्यांच्या सावलीतली लॉन काढा, तिथे पालापाचोळा पसरा. खोडाला मात्र चिकटवू नका.

धागाकर्ता

दोघांचे आभार. मुलीला विचारले, लॉन की आंबे? क्षणभरही विचार न करता ‘आंबे’ म्हणाली. आंब्याखालची लॉन रविवारी काढतो, जेसीबीलाही नको म्हणून कळवले. फणसाच्या बाजूची ठेवली तर चालेल का, की त्यालाही असाच ताण लागतो?